ओले पीठ, कोरडा शिधा

गेल्या काही वर्षांत शिकल्यासवरल्या घरांतून एका पावाचा फार बोलबाला झाला आहे. हा पाव मळावा लागत नाही. न्यूयॉर्कमधील जिम लाही या बेकरीवाल्याची ही रीत 2006 च्या नोव्हेंबरात तिथल्या एका मोठ्या दैनिकात छापून आली आणि पाहता पाहता जगभर पसरली. तीन कप मैदा, पाव चमचा यीस्ट, सव्वा चमचा मीठ आणि दीड कपाहून थोडे अधिक पाणी. चमच्याने ढवळायचे, झाकायचे आणि बारा ते अठरा तास विसरून जायचे. मळण्याचे काम वेळ करतो. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या चंद्रपुरातही काही घरांत हा पाव झाला. सहकाऱ्यांच्या तोंडी त्याचे कौतुक ऐकताना एक वाक्य वारंवार कानी येई: "हात लावावाच लागत नाही!" इतिहासाचा शिक्षक असल्याने असेल, पण मी त्या वाक्याशी अडलो.

कारण या देशात पिठाला हात कोणाचा लागला, हा प्रश्न कधीच केवळ स्वयंपाकघराचा नव्हता. आपल्याकडील विटाळाचे शास्त्र पाण्यापाशी सुरू होते. कोरडे धान्य विटाळत नाही. ते कोणीही पिकवावे, कोणीही कापावे, कोणीही खळ्यावर मळावे. त्याच धान्याच्या पिठात पाणी पडले की ते विटाळाला पात्र होते. या एका नियमावर गावगाड्याची केवढी सोय झाली होती पाहा. खालच्या घरातून वर जायचा तो कोरडा शिधा. भटजीला तो कोणाकडचाही चालत असे. आणि वरच्या घरातून महारवाड्यात यायची ती ओल्या पिठाची, पण शिळी भाकर. दाणा वर चढतो आणि उष्टे खाली उतरते, ही ती व्यवस्था. तिला 'बलुतेदारीतील परस्परावलंबन' असे गोंडस नाव देणारे अभ्यासक आजही आहेत. मराठी खाद्येतिहासात या प्रश्नाला हात घालणारी पुस्तके थोडीच. शाहू पाटोळे यांचे 2015 सालचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हा त्यातला ठळक अपवाद.

अशा समाजात पाव आला. शब्द पोर्तुगीज 'पांव' वरून आलेला. पण लोकांनी त्याची फोड केली ती 'पाय' अशी. पायाने तुडवतात म्हणून पाव! आता, पीठ पायाने तुडवण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी होती. इजिप्तचे लोक कणीक पायाने आणि माती हाताने मळतात, असे हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. परंतु आपल्याकडच्या किळसेचे कारण पाय हे नव्हतेच. ओले पीठ, मळणारा ख्रिस्ती किंवा मुसलमान, आणि गोव्याकडे ते फुगवायला घातलेली माडाची सूर, म्हणजे ताडी: तीन विटाळ एका पावात. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलेले अख्खे गाव बाटले आणि ख्रिस्ती झाले, ही वसई-गोव्याकडची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती खरी की खोटी याचा काथ्याकूट मी करीत नाही. एका तुकड्याने अख्खे गाव बुडते, हे ऐकणाऱ्यांना पटत होते, एवढे मला पुरेसे आहे.

म्हणूनच सुधारकांना पाव सापडला. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय. दीक्षा घेणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही तिची कसोटी. पण सारे गुप्त. दार लावून पाव खायचा, तोंड पुसून बाहेर यायचे. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि मंडळी पांगली. पुढे 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे प्रकरण घडले. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे जाहीर केली आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. बिस्किटाची ही कथा शाळेत आम्ही रंगवून ऐकली आणि आता मीही वर्गात सांगतो.

या धाडसाला मी हसत नाही. त्या काळात त्याची किंमत पडत होती. पण एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. जातिभेद मोडण्याची कसोटी म्हणून या मंडळींना साहेबाच्या धर्माच्या बेकऱ्याचा पाव सुचला; महारामांगाच्या चुलीवरची भाकर सुचली नाही. पाव खाण्यात विटाळ होता, पण त्या विटाळाला राज्यकर्त्यांच्या टेबलाचा वास होता. भाकरीला तो नव्हता. 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे जोतीराव फुले म्हणूनच मला या सर्वांहून वेगळे वाटतात: त्यांनी लपून काही खाल्ले नाही, उघडपणे पाणी दिले. पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायणाचा घाट घातला तेव्हा भाकर निदान चव्हाट्यावर आली. तीही पूजेच्या आधाराने. सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये स्वच्छ सांगितले होते. त्याआधी 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर काय झाले? एकशे आठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. पावाच्या तुकड्याने गाव बाटत होते. आमच्या ओंजळीने तळे. याच महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे टाकून द्या असे बजावले होते. त्या शिळ्या भाकरीला नकार देणे म्हणजे अनेक घरांत त्या रात्री चूल न पेटणे होते, हे विसरून तो इतिहास वाचता येणार नाही.

आमच्या भागात पाव उशिरा आला. चंद्रपूर-गडचिरोलीचा झाडीपट्टीचा मुलूख भाताचा. तांदळात आणि ज्वारीत गव्हासारखा चिकट ताण धरणारा अंश नाही, म्हणून त्यांचे पीठ फुगत नाही. ज्वारीची भाकर थापावी लागते. गहू आमच्या घरी सणाचा. पाव म्हणजे आजाऱ्याचे अन्न. सरकारी दवाखान्यात कोणी भरती असले की दुधाबरोबर पाव मिळे, आणि आम्ही पोरे त्या पावासाठी आजारी पडण्याची वाट पाहत असू. देशाच्या पातळीवर मात्र 1956 च्या पीएल-480 करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला होता आणि 1965 साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. यंत्राने मळलेला, यंत्राने कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव. 2000 साली ही कंपनी खाजगी मालकीकडे गेली. पण तोवर तिच्यासारख्या कारखान्यांनी एक काम करून ठेवले होते: पाव कोणी मळला हे विचारण्याची गरजच नाहीशी केली. सोवळ्या घरांतही पाव गेला. जात गेली नाही. हात दिसेनासा झाला.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पूर्वी मी ज्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असे, तिथे शिक्षकांच्या खोलीत मी बेकरीतले टोस्ट नेले की डबा मिनिटात रिकामा होई. एकदा मायने केलेल्या रोट्या नेल्या. त्या दिवशी एकाला आम्लपित्त होते, एकाचा गुरुवार होता, एकजण नुकताच जेवून आला होता. कोणीही वावगा शब्द बोलले नाही. रोट्या मी परत आणल्या आणि सगळ्यांना फार आवडल्या असे मायला सांगितले.

त्या रोट्यांविषयी थोडे सांगायला हवे. नागपूर-चंद्रपूरकडच्या बौद्ध वस्त्यांतून ज्यांना लंबी रोटी म्हणतात, त्या या. केवळ आमच्याच, असा दावा नाही. पण या कलेत आमच्या बायांचा हात धरणारे थोडे. गव्हाचे पीठ कापडाने चाळायचे, मीठ घालायचे आणि पाणी घालत घालत ते इतके सैल करायचे की नवख्याला वाटावे, बिघडले. मग ते आपटायचे. परातीत उचलून उचलून आपटायचे, ते ओढले तरी तुटेनासे होईपर्यंत. चुलीवर पालथे मडके तापलेले असते. ओल्या हातावर गोळा घेऊन तो झुलवत, लांबवत कोपरापर्यंत आणायचा आणि एका झटक्यात मडक्यावर टाकायचा. रुमालासारखी पातळ रोटी क्षणात भाजून निघते. आज शहरातल्या खाद्यमहोत्सवांत ती 'मटका रोटी' म्हणून मिळते. फलकावर मडक्याचे नाव असते, बाईचे नसते, वस्तीचे तर नसतेच.

खापरावर भाजण्याची मराठी मनात एकच आठवण जतन झाली आहे: मांडे भाजायला कुंभाराने खापर दिले नाही, म्हणून ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. खापर नाकारणे हा बहिष्काराचाच प्रकार. त्या चार बहिष्कृत भावंडांचे दुःख कीर्तनकारांनी सातशे वर्षे गायले. पिढ्यान् पिढ्या ज्यांना विहीर नाकारली त्यांच्या बायांनी कुठले पाणी आणून पीठ भिजवले, हे मात्र कोणत्या कीर्तनात आले आहे?

तर, गेल्या हिवाळ्यात मी तो न मळण्याचा पाव घरी केला. शास्त्र सोपे आहे. पाणी भरपूर असले आणि वेळ दिला की गव्हातील चिकट अंशाचे धागे आपोआप जुळतात. मळून जे अर्ध्या तासात होते ते रात्रभरात होते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. तेव्हा बारा तास ठेवले तर पीठ आंबून वाहू लागेल. डिसेंबरात मात्र रीत जमते. मूळ कृतीत ओव्हनमध्ये तापवलेले झाकणाचे जड भांडे लागते, कारण कोंडलेल्या वाफेने पावाची साल उशिरा घट्ट होते आणि त्याला फुगायला अवधी मिळतो. ओव्हन नव्हता. जाड तव्यावर गोळा ठेवून त्यावर मायचे रोटीचे मडके पालथे घातले, भोवती आणि वर निखारे रचले. तळ करपला, पण पाव झाला.

सकाळी फुगलेले, जाळी पडलेले सैल पीठ मायने बोटाने ओढून पाहिले होते. म्हणाली, "हे त आपल्याच रोटीचं पीठ होय, बाबू. तुनं मारलं नाही एवढंच."

मी तिला न्यूयॉर्क, 2006 वगैरे सांगितले. आपल्या बायांना हे आधीच ठाऊक होते, असे काहीसे अभिमानाचे भाषणही केले. तिने ते पूर्ण ऐकून घेतले आणि उजवा खांदा चोळत विचारले, "म्हणजे न मारता बी होत होतं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या लेखनात आईच्या कष्टांचा गौरव पुष्कळ असतो, माझ्याही आहे. दिवसभर तेंदूपत्ता तोडून आलेल्या बाईने पाहुण्यांसाठी तासभर पीठ आपटावे, याला आपण संस्कृती म्हणून मोकळे होतो. तिचा खांदा चाळिशीतच गेला. मी तिला खरे ते सांगितले: पावाचे होते; रोटी कोपरापर्यंत लांबवायची तर थोडे मारावेच लागेल, पण रात्रभर भिजवून ठेवले तर पुष्कळ कमी. त्यानंतर ती रात्रीच पीठ भिजवून ठेवू लागली.

मडके मात्र तिने मला पुन्हा दिले नाही. निखाऱ्यांनी त्याला एक बारीक तडा गेला होता. ऑक्टोबरात तिने नवे आणवले. 16 तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येतात, 1956 साली बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली त्या दिवसासाठी; आमच्याकडे त्या रात्री वीस-पंचवीस माणसे उतरतात आणि सगळ्यांना रोट्याच हव्या असतात.