तळटीप १४ : बुद्ध्यंक

१४. फ्रान्सच्या शिक्षणखात्याने मागासलेल्या मुलांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवरील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने (१८५७–१९११) यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली जी तीस प्रश्नांची कसोटी सिद्ध केली, जीत पेटत्या काडीचा नजरेने मागोवा घेण्यापासून अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यापर्यंतची कामे चढत्या क्रमाने लावलेली होती, तिच्यातून पुढे 'मानसिक वय' ही कल्पना निघाली. या वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत स्टर्न यांची (१९१२). भागाकारास शंभराने गुणून अंक रूढ केला तो टर्मन यांनी (१९१६). दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय बारा भरले, तर बुद्ध्यंक १२०. लेखकाने हा अंक जन्मजात व अढळ मानला आहे. बिने यांना हे मत सर्वथैव अमान्य होते. मुंबई इलाख्यातील मराठी व कानडी मुलांसाठी या कसोटीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली केले.