जॅकच्या घरात शिरलेले राजकारण

जॅकने बांधलेल्या घराचे इंग्रजी बडबडगीत साखळीसारखे वाढत जाते. घर, घरातले धान्य, धान्य खाणारा उंदीर, उंदराला मारणारे मांजर. प्रत्येक कडव्यात एक कडी जोडायची आणि मागच्या सगळ्या पुन्हा म्हणायच्या. १७५५ मध्ये ते छापून आले होते. १८१९ मध्ये लंडनच्या विल्यम होनने त्यात सरकारला कोंबले.

होन पुस्तकविक्रेता होता. १८१७ च्या डिसेंबरात त्याच्यावर लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले. प्रार्थनांच्या धर्तीवर मंत्र्यांची टिंगल केली म्हणून आरोप धर्मनिंदेचा. वकील न घेता त्याने जुन्या पुस्तकांचे ढीग कोर्टात आणले आणि अशी विडंबने पाद्र्यांनीही लिहिली आहेत, मंत्री कॅनिंगनेही लिहिली आहेत, हे वाचून दाखवले. लोक खदखदून हसले. ज्यूरीने तिन्ही वेळा त्याला निर्दोष सोडले.

१६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकार मागायला जमलेल्या हजारो माणसांवर घोडेस्वार तलवारी उपसून धावले. माणसे मेली, शेकडो जखमी झाली आणि सरकारने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानले. होन संतापला होता. अशात लहान मुलीच्या हातातले जॅकचे पुस्तक पाहून त्याला वाट सापडली. धान्याच्या जागी त्याने मॅग्ना कार्टासारख्या हक्कांची पेटी ठेवली. उंदरांच्या जागी ती लुटणारे दरबारी, सैनिक, वकील. या किड्यांचा नाश करणारी वस्तू कोणती, तर छापखाना! मला ही सर्वांत धारदार कल्पना वाटते. पुढे छाती फुगवलेला प्रिन्स रीजंट येतो आणि फाटक्या कपड्यांतली जनताही. कडी कडीला जोडली की गुन्ह्याची जबाबदारी वरपर्यंत पोहोचते, आणि चाल तर वाचकाला पाळण्यापासून पाठ.

चित्रे जॉर्ज क्रुकशँकची. लाकडी ठसे खिळ्यांबरोबरच छापता येत, म्हणून सचित्र पुस्तिका एका शिलिंगला विकणे परवडले. पन्नासाच्या वर आवृत्त्या निघाल्या. सरकारने खटला भरला नाही. बाळगीत कोर्टात मोठ्याने वाचायला कोण धजणार? राजनिष्ठांनी उत्तर दिले, तेही जॅकचेच घर बांधून.

प्रिन्स रीजंट आता राजा झाला होता. जून १८२० मध्ये, त्याला अनैतिक प्रसंगात रंगवणार नाही या हमीबद्दल क्रुकशँकला १०० पौंड मिळाले. त्याच वर्षी होन आणि क्रुकशँकने ‘राणीच्या लग्नाची शिडी’ ही पुस्तिका काढली. त्या पुस्तिकेबरोबर पुठ्ठ्याची खेळण्यातली शिडीही विकायला होती.