अडीचकीचा अस्त

चाळीसगावाजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथील देवीच्या देवळातील इ. स. 1207 चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला, असे त्या लेखात कोरलेले आहे. आणि संस्कृत श्लोक संपल्यावर तो लेख सरळ मराठीत उतरतो व बाजारात होणाऱ्या देवघेवीतून या मठाला काय काय द्यावे याचा तपशील मांडू लागतो. गणिताची विद्या आणि बाजारातले माप एकाच दगडावर यावे, याचे त्या काळच्या लोकांना मुळीच नवल वाटले नसावे, कारण ज्या ‘लीलावती’चे तेथे अध्ययन व्हावयाचे, ती स्वतःच नाण्यांच्या आणि वजनमापांच्या कोष्टकांनी सुरू होते : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. या सोळाच्या पटीचे आपल्या व्यवहारातले स्थान पुढेही टिकले, आणि सोळा आण्यांचा रुपया मोजणाऱ्या आपल्या आजोबांना ती कोष्टके परकी वाटली नसती.

आपल्या गणिताच्या शब्दांतही हा दुहेरी वारसा उमटलेला आहे. गुणाकार, भागाकार, त्रैराशिक हे शब्द शास्त्री-पंडितांच्या पोथ्यांतून आले. बेरीज आणि वजाबाकी हे मात्र कचेरीतल्या फारशी वहिवाटीचे देणे आहे. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, वसूल-बाकी यांत आयुष्य घालविणाऱ्या कुळकर्ण्या-कारकुनांच्या या राज्यात हिशेबाची चूक हा केवळ बुद्धीचा नव्हे तर इमानाचा दोष मानला जाई. जनार्दनस्वामींच्या दप्तरातील एका पैची चूक सापडेपर्यंत एकनाथांनी रात्र जागून काढली, ही आख्यायिका मराठी मनाने इतकी जिव्हाळ्याने जपली ती उगाच नव्हे.

हा हिशेब शिकविला जाई तो पंतोजींच्या शाळेत. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या मंडपात ही शाळा भरे, पंतोजींना मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे, आणि धूळ पसरलेल्या पाटीवर अंक गिरवून झाले की सारा भर मुखपाठावर असे. बेपासून तीसपर्यंतचे पाढे ही केवळ पहिली पायरी. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, साडेतीनाची औटकी, आणि अकरापासूनच्या मोठ्या अंकांचे परस्पर गुणाकार सांगणारी एकोत्री. सायंकाळी दिवा लागला की शुभंकरोतीनंतर घरोघरी परवचा होई आणि हेच पाढे पुन्हा एकदा म्हटले जात. मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट यांनी 1821 साली नमूद करून ठेवले आहे की, येथील सामान्य माणूस आपला हिशेब ज्या बिनचूकपणे ठेवतो तसा तो विलायतेतील खालच्या थरांत आढळत नाही.

अपूर्णांकांच्या या पाढ्यांना आज कित्येकजण निरर्थक घोकंपट्टी समजतात. तो मोठा गैरसमज आहे. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा, म्हणून शेराला एक आणा भाव असेल तर मणाला अडीच रुपये पडतात. शेराचा भाव सात आणे आहे असे कळताच वाण्याच्या पोराने सातांची अडीचकी म्हणावी आणि मणाचे साडेसतरा रुपये सांगून मोकळे व्हावे. कागद नको, पाटी नको. चार पैशांचा आणा, म्हणून सुटे पैसे आण्यांत आणावयास पावकी. बारा आणे शेराने चोवीस शेर घेतले तर चोविसांची पाऊणकी, अठरा रुपये. प्रत्येक पाढ्यामागे बाजारातला एक ठरलेला व्यवहार उभा होता, आणि पाठ केलेली गोष्ट त्याच आठवड्याच्या बाजारात उपयोगी पडत असल्यामुळे तिचा अर्थ मुलाला निराळा समजावून सांगण्याची गरज बहुधा भासत नसे.

तथापि या शाळेचे गोडवे गाताना तिच्या दारापाशी थबकलेल्यांचा विसर पडता कामा नये. मुलींना तेथे प्रवेश नव्हता, अस्पृश्य मानलेल्यांना नव्हता, आणि ज्या कुणब्याच्या धान्यावर सारा जमाखर्च चाले त्याला सावकाराच्या वहीतले आकडे वाचता येत नसत. 1882 साली शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे केलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांत मोडी, हिशेब आणि शेतीची मूलतत्त्वे शिकवावीत असे मागितले, त्यामागे हीच जाणीव होती. अंकज्ञान हे शेतकऱ्याचे संरक्षण आहे, हे त्यांच्याइतके स्पष्ट त्या काळी थोड्यांनीच ओळखले. छडीच्या धाकाने पाठांतर करून घेण्याची रीतही समर्थनीय नव्हती.

इंग्रजी अमलात जॉर्ज जर्विस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली, पुढे शिक्षणखाते निघाले आणि क्रमिक पुस्तके व इन्स्पेक्टरांच्या परीक्षा आल्या; पण जुने पाढे या नव्या शाळेतही दीर्घकाळ नांदले. त्यांचा आधार गेला तो 1 एप्रिल 1957 रोजी, जेव्हा रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पुढल्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने शेर-मणाच्या जागी किलोग्रॅम आला. दशमान पद्धती सर्वथा श्रेयस्कर होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु जुन्या मापांबरोबर बाजार आणि शाळा यांना जोडणारा पूल कोसळला, आणि त्या जागी दुसरा बांधण्याचे काम कोणीच अंगावर घेतले नाही. घोकंपट्टी राहिली; तिच्यामागचा व्यवहार गेला.

त्याचे फळ आज समोर आहे. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी 25.6 टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले, आणि आठवीतही हे प्रमाण 44.7 टक्के होते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी सांगितलेले कारण, की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाने बोलली जाणारी आपली संख्यानामे लहान मुलाला अवघड जातात, ते मला आजही विचारार्ह वाटते. पण त्या वादात भाषेच्या अभिमानाविषयी जितके बोलले गेले त्याच्या दशांशानेही वर्गातल्या भागाकाराविषयी बोलले गेले नाही. 2025 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिल्ली व कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी अचूक करतात, पण तसलेच उदाहरण शाळेच्या रीतीने कागदावर मांडले की अडखळतात, असे दिसून आले. आणि केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचे साधते, बाजारातले साधत नाही.

पाटण्याच्या दगडावर जे एकत्र होते ते आपण असे दोन ठिकाणी वाटून टाकले आहे. शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, येत्या आठवड्याच्या बाजारात मुलाला बरोबर न्यावे, पिशवी आपण धरावी, पैसे त्याच्या हाती द्यावेत, आणि दुकानदाराने बेरीज सांगण्याआधी ती त्याला सांगू द्यावी.