वृत्तगद्यातील कर्ता : तारापूर ते वाढवण

लिखित भाषेचा विचार करताना आपण बहुधा ग्रंथांकडे वळतो. रोज हाती येणाऱ्या वृत्तपत्राकडे वळत नाही. वास्तविक मराठी गद्याच्या जडणघडणीत वृत्तपत्राचा वाटा मोठा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी, तर शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. मराठी वार्तेचे वाक्य असे आरंभापासूनच इंग्रजी वाक्याच्या शेजारी वाढले. त्या वाक्यातील कर्त्याचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे.

‘शासनाने जमीन घेतली’ हा मराठीचा जुना कर्मणी प्रयोग होय. त्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तरी कर्ता तृतीयेत उभा असतो. उलट ‘जमीन संपादित करण्यात आली’ ह्या वाक्यात कर्ता नाही आणि तरीही वाक्य पुरे होते. ‘शासनाकडून’ हे पद घालता येते. न घातले तरी अडत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत, त्यांतील निदान एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करणे आवश्यक ठरले. कचेरीचे वाक्य अशा रीतीने वार्तेच्या शेजारी येऊन बसले.

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. तारापूरची पहिली दोन अणुवीज संयंत्रे १९६९ साली सुरू झाली. २००५-०६ मध्ये कार्यान्वित झालेल्या तिसऱ्या व चौथ्या संयंत्रांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. ‘गावे उठली’ असे लिहिताना प्रस्तुत लेखकाच्या हातूनही कर्ता सुटला, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. वाढवण बंदरास १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली; ३० ऑगस्ट रोजी पंतप्रधानांनी पालघर येथे पायाभरणी केली. येथे कर्ता ठळक आहे. परंतु बंदरास विरोध करणाऱ्या मच्छीमारांविषयी लिहिताना ‘बाधित होणार’ हे शब्द सहज लेखणीतून उतरतात. श्रेयाला कर्ता मिळतो, झळ मात्र निनावी राहते.

ह्यात वार्ताहराचाच दोष आहे, असे नव्हे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दुर्घटना घडली, तर पहिल्या दिवशी ‘स्फोट झाला’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे असते. चौकशीत जबाबदारी निश्चित झाल्यावरही तेच वाक्य कायम राहिले, तर मात्र भाषा सत्य झाकू लागते.

उद्याचा इतिहासकार ह्याच वार्ता साधन म्हणून वापरील. म्हणून विद्यार्थ्यांनी अशा प्रत्येक वाक्यापुढे ‘कोणी?’ असे लिहावे. वार्तेत उत्तर नसेल, तर अधिसूचना, सातबारा आणि उठविलेल्या गावांतील वृद्धांची साक्ष ह्यांकडे जावे. भाषाभ्यास आणि इतिहास ह्यांची गाठ तेथेच पडते.