नळाचा धनी कोण?

दूध कोणाकडून येतं, गहू कुठल्या दुकानातला, भाजीवालीनं आज किती भाव लावला, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण नळाला पाणी कोण पाठवतं असं विचारलं, की आपण "नगरपालिका" म्हणून मोकळ्या होतो. हे उत्तर आता सगळ्या शहरांत खरं राहिलेलं नाही. माझं सासर ग्वाल्हेरचं, माहेर नागपूरचं. इथे थाटीपुरात नळाला तिघऱ्याचं पाणी येतं आणि ते महानगरपालिका पाठवते. नागपुरात पाण्याचा कारभार २०१२ पासून एका कंपनीच्या हाती आहे. असं का झालं, आणि त्यात आपल्याला कोणी विचारलं होतं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ग्वाल्हेरच्या जुन्या वस्त्यांत पाणी म्हणजे विहीर, बावडी आणि तलाव. बावडी कोणी बांधली, विहिरीचा गाळ कोणी काढायचा, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक असे. आपल्या घरांत पाणी गाळून घ्यायचा नेम होता. गाळण्यात उरलेली जिवाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडायची, म्हणजे त्यातले जीव आपल्या ठिकाणी पोचतात. हा नेम पाळायला पाणी कुठून आलं ते माहीत असावंच लागे. नळ आल्यावर गाळणं तोटीला बांधलं गेलं, पण जिवाणी परत करायला विहीरच राहिली नाही. पाण्याचा उगम आपल्या नजरेआड झाला.

तो कुठे गेला? शिंद्यांच्या राज्यात माधवराव महाराजांच्या काळी सांक नदीवर तिघऱ्याचं धरण झालं. पाण्याच्या लोंढ्यानं आपोआप उघडणारी दारं विश्वेश्वरय्यांनी आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवली होती. तशीच दारं त्यांनी तिघऱ्यालाही बसवली. म्हणजे पुण्याच्या आणि ग्वाल्हेरच्या पाण्याचं नातं तेव्हापासूनचं! पण हे धरण १९१७ च्या पावसाळ्यात फुटलं आणि खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. पुढे ते पुन्हा बांधलं गेलं. महाराजांच्या राज्यात प्रजेला मत नव्हतं, हे खरंच. पण धरण कोणाचं आणि दोष कोणाचा, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

नागपूरची गोष्टही अशीच. १८७० च्या सुमारास अंबाझरी तलावातून शहराला नळाचं पाणी मिळू लागलं, मग गोरेवाडा आला, नंतर कन्हान नदी आणि शेवटी पेंच. शहर वाढत गेलं तसा पाण्याचा उगम लांब लांब गेला. स्वातंत्र्यानंतर बहुतेक शहरांत हा कारभार नगरपालिकांकडे होता. धरणं बांधायला पैसा मिळाला, पण जमिनीखालच्या नळांकडे कोणी पाहिलं नाही. धरणाचं उद्घाटन होतं. गळक्या जोडाच्या दुरुस्तीचं कोण करणार?

नळ गळू लागले, म्हणून पाणी तासातासानं सोडायचं ठरलं. यातली खरी मेख कोणी आपल्याला समजावून सांगत नाही. नळ भरलेला असतो तेव्हा आतल्या दाबामुळे पाणी भोकातून बाहेर येतं. पाणी बंद झालं की तो दाब जातो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी त्याच भोकातून आत शिरतं. सकाळी तोटी उघडल्यावर पहिल्यांदा गढूळ पाणी येतं त्याचं एक कारण हे. चोवीस तास पाणी ही श्रीमंतांची चैन म्हणून लोक हसतात, पण ते पाणी शुद्ध राहण्यासाठी असतं.

मग आपण काय केलं? खाली टाकी, वर टाकी, मध्ये मोटर, स्वयंपाकघरात फिल्टर. ज्यांना परवडलं त्यांनी बोअर मारली. घरोघरी एकेक छोटी पाणी-कंपनी उभी राहिली. तिचं वेळापत्रक कोण सांभाळतं? मोटर कधी लावायची, टाकी भरली का, पहाटे कोणी उठायचं? या कंपनीचा सगळा नोकरवर्ग म्हणजे घरातली बाई, आणि तिचा पगार शून्य. ज्या वस्तीत टाकीला जागाच नाही तिथे ती हंडा घेऊन रांगेत उभी. उन्हाळ्यात तिघऱ्याची पातळी उतरली की ग्वाल्हेरला एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा हे काम दुप्पट होतं. पाणी "सरकारी" असावं की "खासगी", यावर मोठमोठे लोक भांडतात. त्यांच्या हिशोबात ही मजुरी कधीच धरलेली नसते.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारनं शहरांसाठी जवाहरलाल नेहरू पुनर्निर्माण योजना आणली. पैसा मिळणार होता, पण सुधारणांच्या अटींवर, आणि खासगी भागीदारीला त्यात उत्तेजन होतं. मुंबईत त्याच सुमारास अंधेरी-जोगेश्वरी-विलेपार्ले पूर्वेच्या के-पूर्व विभागासाठी जागतिक बँकेच्या मदतीनं सल्लागार नेमले गेले. लोकांनी सभा उधळून लावण्याइतका विरोध केला आणि तो बेत मागे पडला. लातूरला २००८ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. मीटर आणि दर यांवरून शहर पेटलं, करार टिकला नाही. त्याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. कंपनी घालवली म्हणून धरणात पाणी येत नाही, आणि धरणात पाणी नसेल तर कंपनी तरी काय देणार, हे दोन्ही लातूरनं दाखवलं.

नागपूरचा करार मात्र उभा राहिला. आधी धरमपेठ विभागात प्रयोग झाला. मग नोव्हेंबर २०११ मध्ये सगळ्या शहरासाठी पंचवीस वर्षांचा करार झाला. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज यांनी मिळून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी काढली आणि १ मार्च २०१२ ला कारभार हाती घेतला. तेव्हा नागपूरची वस्ती चोवीस लाखांवर होती आणि निम्म्याहून जास्त पाण्याचे पैसे महापालिकेला मिळतच नव्हते. काही पाणी गळत होतं, काही चोरीला जात होतं, काहीचं मोजमापच नव्हतं. सुधारणेचा खर्च सुमारे ३८८ कोटी रुपये धरला होता. त्यातला सत्तर टक्के केंद्र आणि राज्य सरकारचा, तीस टक्के कंपनीचा.

करारातलं एक कलम नीट समजून घेण्यासारखं आहे. टाक्या आणि नळ यांची मालकी महापालिकेकडेच राहिली. पाणीपट्टीचा दरही महापालिकाच ठरवते. कंपनीला पैसे मिळतात ते ज्या पाण्याचं बिल झालं आणि वसूल झालं त्यावर. सुरुवातीला हा दर हजार लिटरला ७ रुपये ९० पैसे होता. म्हणजे गळती थांबली तर कंपनीचा फायदा, ही चांगली गोष्ट. पण मीटर जोरात फिरला तरीही कंपनीचा फायदाच. म्हणून जुने मीटर बदलायची घाई झाली, आणि सगळ्यात जास्त भांडणंही मीटर आणि बिलावरूनच झाली. शहर पाच वर्षांत चोवीस तास पाण्यावर यायचं होतं. २०१७ मध्ये ती मुदत संपली तेव्हा काही विभागांत पाणी दिवसभर येत होतं, पण सगळं शहर तिथवर पोचलेलं नव्हतं.

आता पॅरिस पाहा. तिथे १९८५ पासून सीन नदीच्या एका तीरावर व्हिओलिया आणि दुसऱ्या तीरावर दुसरी कंपनी पाणीवाटप करत होती. पंचवीस वर्षं झाल्यावर २०१० मध्ये शहरानं सगळा कारभार परत घेतला आणि पुढच्याच वर्षी दर आठ टक्क्यांनी उतरवला. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. पाण्याच्या नव्या संस्थेत त्यांनी ग्राहकांचे प्रतिनिधी बसवले आणि नागरिकांना हिशोब बघता यावा म्हणून वेगळं मंडळ केलं. नळ वापरणारा माणूस पहिल्यांदा टेबलाशी बसला. ज्या कंपनीला तिच्या घरच्या शहरानं निरोप दिला, तिच्याशी दोन वर्षांच्या आत आपल्याकडे पंचवीस वर्षांचा करार झाला. कंपनी वाईटच, असा याचा अर्थ नव्हे. पण हा इतिहास मतदारांपुढे ठेवायला काय हरकत होती?

आमच्या मध्य प्रदेशातही हे वारं आलं. खंडव्याला नर्मदेचं पाणी आणायचं काम एका कंपनीकडे दिलं गेलं. पाण्याची दुसरी समांतर सार्वजनिक सोय शहरात उभी राहू द्यायची नाही, असं त्या करारात असल्याचं लोकांना कळलं तेव्हा हजारो हरकती नोंदवल्या गेल्या. ग्वाल्हेरजवळच्या शिवपुरीत मडीखेड्याचं पाणी आणायची योजना खासगी भागीदारीत होती आणि ती वर्षानुवर्षं रखडली. ग्वाल्हेरमध्ये भोपाळ, इंदूर, जबलपूरसोबत आशियाई विकास बँकेच्या कर्जातून नळ आणि टाक्या झाल्या. म्हणजे इथे महापालिकेचा हात नळावर आहे, पण पैसा कर्जाचा आहे. तेही फेडायचं आपल्यालाच.

या करारांवर सही करतात त्या दोनच बाजू, सरकारी यंत्रणा आणि कंपनी. पैसे भरणारी, पाणी साठवणारी, गाळणारी, उकळणारी तिसरी बाजू कागदावर नाहीच. नागपूरच्या तारखाच पाहा. करार झाला नोव्हेंबर २०११ मध्ये. महापालिकेत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या फेब्रुवारी २०१२ च्या निवडणुकीत. नव्या नगरसेविका निवडून आल्या आणि पंधरवड्याच्या आत नळ कंपनीकडे गेले. ज्यांच्या हातात हंडा होता त्यांच्या हाती मत आलं, तोवर सही होऊन गेली होती.

पण पंचवीस वर्षं कायमची नसतात. नागपूरचा करार २०३७ ला संपेल. इतर शहरांत नवे करार होतील, कदाचित ग्वाल्हेरमध्येही. आज दोन्ही राज्यांत नगरसेवकांच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या प्रभागातली नगरसेविका हळदीकुंकवाला येते, पर्युषणात क्षमापनेला येते. तिला तीन गोष्टी विचारायच्या. कंपनीला पैसे कशावर मिळतात, सोडलेल्या पाण्यावर, की पोचलेल्या शुद्ध पाण्यावर? ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दंड किती, आणि आजवर किती वसूल झाला? ज्या वस्तीत बिल भरायची ऐपत नाही तिथे पाणी कोणत्या कलमानं पोचणार? कारभार महापालिकेचा असेल तरी हेच प्रश्न विचारायचे, फक्त "कंपनी"च्या जागी "खातं" म्हणायचं.

करार इंग्रजीत असतो, जाड असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. आपण भिशीचा हिशोब पैशापैशानं ठेवतो, लग्नाच्या याद्या करतो, सोनाराच्या पावतीतली घट पकडतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून कराराची प्रत मागता येते. पाच-सहा जणींनी मिळून ती मागवावी, वकील झालेल्या एखाद्या लेकीला किंवा सुनेला वाचायला बसवावं, आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.