कुत्र्यांना अपायकारक मानवी खाद्यपदार्थ
माणसाला सहज पचणारे, पण कुत्र्याच्या शरीरात विषासारखे वागणारे नेहमीचे पदार्थ. आपल्या स्वयंपाकघरात यांत पहिला मान कांदा-लसणाचा, कारण ते रश्श्यात विरघळून दिसेनासे होतात. त्यांतील गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने वा वाळवल्याने विषारीपणा जात नाही. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरेसा होतो. फिकट हिरड्या, गडद लघवी, धाप ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी उमटतात. तोवर घातलेला शिळा रस्सा कोणाच्या लक्षातही नसतो.

द्राक्षे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे, म्हणून चिंचही टाळावी. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हृदयाचे ठोके बिघडवते. बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉल रक्तशर्करा झपाट्याने उतरवते.

बुऱ्हाणपूरची प्रसिद्ध मावा जिलेबी विषारी नव्हे. पण मावा, तूप आणि पाक यांचा असा मारा स्वादुपिंडाला सुजवू शकतो. शिजवलेली हाडे तडकून आतडे फाडतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्याचे मुख्य पीक केळी मात्र निरुपद्रवी. सोलून, थोडेच द्यावे.

विषबाधेची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. जास्त मीठही कुत्र्याला मारक ठरते.