एक प्याला, दोन पंगती

मराठवाड्यातील दलितांच्या धर्मांतराचा इतिहास आपण बहुधा १४ ऑक्टोबर १९५६ पासून सांगू लागतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याआधीही गावकुसाबाहेरच्या माणसाने आपला धर्म तपासून पाहिला होता आणि काहींनी तो टाकलाही होता. ही माणसे हिंदूंच्या लेखी बाटगी होती, मिशनच्या अहवालांत ती आकडे होऊन राहिली, आणि आपण त्यांना वाट चुकलेले भाऊ मानून विसरून गेलो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्यांच्यापैकी एक होते.

माझे घर परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. आजोळ मात्र औरंगाबादजवळच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या) एका खेड्यात. हा सगळा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने नाशिककडून येऊन औरंगाबादेत काम उभारले. तेथे जन्माने पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नौरोजी यांनी दीर्घकाळ धर्मप्रचार केला. पलीकडे जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण गृहस्थ स्कॉटिश मिशनतर्फे काम करीत होते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिच्यात मांग समाजाचे लोक बरेच होते. पारशी आणि ब्राह्मण उपदेशक महारवाड्यात-मांगवाड्यात येऊन बसतो, ही गोष्टच त्या काळी लोकांना धर्मोपदेशाहून मोठी वाटली असली पाहिजे.

लोक ख्रिस्ती का झाले? 'दुष्काळात धान्यासाठी' हे ठरलेले उत्तर आहे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनकडे माणसे वळली, यात खोटे काही नाही. परंतु उपाशी माणसाने धान्य देणाऱ्याच्या दारी जाणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा असेल तर तो पेवे भरलेली असताना दार लावून बसलेल्यांचा. शिवाय पाऊस पडल्यावर, पीक आल्यावर ही माणसे परत का फिरली नाहीत, याचेही उत्तर द्यावे लागेल.

मला वाटते, ते उत्तर पुस्तकात आहे. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक सवाल होता. विल्यम कॅरींनी सेरामपूरला १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला होता, आणि पुढे संपूर्ण बायबल मराठीत आले. ज्यांनी धर्मग्रंथ ऐकणेही पाप ठरवले होते त्यांच्या गावात हा ग्रंथ महाराच्या पोराच्या हातात ठेवला गेला, आणि तो वाचता यावा म्हणून त्याला अक्षरही शिकवले गेले.

आजोबा मिशनचे मास्तर होते. दिवसा पोरे, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठी माणसे. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना पाठ झाल्याशिवाय दृढीकरण होत नसे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. एरवी उपासना आजोबाच चालवीत. देवळाला घंटा नव्हती. लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवला की लोक जमत. गाणी पेटी-टाळांवर, ओवी-अभंगांच्या चालीवर. ना. वा. टिळकांची गीते आजीला लिहिता येत नसताना तोंडपाठ होती. बायबल लाल फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेले असे. कापणीच्या सणाला ज्वारीची कणसे, अंडी, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे येत, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई.

पण रविवार सरला की सोमवार होताच. ख्रिस्ती झालेल्या महाराची येसकरकी सुटली नव्हती. मेलेले ढोर ओढायचे नाही असे ठरवावे, तर बलुते बंद होई. आजोबा सांगत की त्यांच्या वडिलांनी रविवारी सांगावा न्यायला नकार दिला आणि त्या वर्षी खळ्यावरून त्यांना रिकाम्या पाटीने परतावे लागले. हा लढा कोणत्याही परिषदेच्या ठरावात नोंदलेला नाही.

आता प्याल्याविषयी. अँग्लिकन रिवाजाप्रमाणे प्रभुभोजनात सर्वांना एकच प्याला असतो. कठड्यापाशी गुडघे टेकायचे, पाळकाने भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवायचा, मग तोच प्याला एकामागून एक ओठाला लावायचा. लहानपणी, १९६० च्या दशकात, मी हे दृश्य मागच्या बाकावरून पाहिले आहे. महार, मांग आणि शहरातून आलेले एखादे उच्चवर्णीय कुळातील ख्रिस्ती कुटुंब एकाच प्याल्याला तोंड लावीत. ज्या देशात पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या देशातील ही घटना आहे. तिला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मात्र त्याच दिवशी दुपारी देवळाच्या अंगणात जेवणे होत. तेथे पंगती दोन बसत. बसा असे कोणी सांगत नसे. महारांची घरे लिंबाकडे, मांगांची भिंतीकडे. माझी आई ख्रिस्ती असून तिचे लग्न माझ्या वडिलांशी, म्हणजे परभणीकडच्या ख्रिस्ती नसलेल्या घरी झाले. जात एक होती, म्हणून धर्म आड आला नाही. १९५६ नंतर वडील बौद्ध झाले, तेव्हाही आजोबांनी संबंध तोडला नाही. परंतु माझ्या धाकट्या मावशीने त्याच मंडळीतील, रविवारी शास्त्रपाठ वाचणाऱ्या एका मांग तरुणाशी लग्न करायचे म्हटले, तेव्हा घरात चूल पेटली नाही. ते लग्न झाले नाही. मावशी पुढे नर्स झाली आणि अविवाहितच राहिली. दोघेही त्यानंतर अनेक वर्षे त्याच कठड्यापाशी गुडघे टेकत होती.

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजनाने जात मरत नाही, मिश्रविवाहाशिवाय इलाज नाही आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रप्रामाण्य आहे, असे मांडले. आमच्या घरात शास्त्र बदलले होते, तरी जात मेली नव्हती. का? कारण शास्त्राचा कोणता भाग शिकवला जातो, यावरही बरेच अवलंबून असते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा पौलाचा उपदेश आजोबांना पाठ होता. मिसरातून गुलामांना बाहेर काढणाऱ्या मोशेची गोष्टही पाठ होती, पण ती फार पूर्वी, दूरच्या देशात घडलेली म्हणून. ती येसकराची गोष्ट आहे, असे त्यांना कोणी शिकवले नाही. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना बाबासाहेबांनी हीच खंत व्यक्त केली होती: हा समाज शिकला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडला नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन इत्यादी पंथ एक झाले. पंथ मिटले, पंगती मिटल्या नाहीत. त्याच चर्चचे अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरविद्येचा विषय मांडला आणि त्यातून दलित ईश्वरविद्या उभी राहिली. मोशेची गोष्ट अखेर येसकराच्या नावे झाली.

शासनाच्या कागदावर मात्र उलटाच न्याय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठरवली. त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले; ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही अट काढा असे सुचवले, आणि २०२२ मध्ये पुन्हा नवा आयोग नेमला गेला. माझ्या मामेभावाची दोन नावे आहेत: एक बाप्तिस्म्याचे, एक दाखल्यावरचे. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, तेव्हा वडिलांनी आम्हां भावंडांना आजोळी धाडले. तेथेही आजोबा रात्रभर दाराशी जागे बसले होते. गाव त्यांच्या वस्तीला महारवाडाच म्हणत होते. दगड मारणाऱ्याला जात कळते. कायद्याला ती बाप्तिस्म्याबरोबर पुसली गेल्यासारखी वाटते.

आपण बौद्धांनी या इतिहासाकडे परक्याचा म्हणून पाहू नये. आपल्याही विहारात वंदना एक आणि सोयरीक पोटजात पाहून, असे अजून घडते. आजोबांना मी एकदा विचारले होते की प्याला एक, मग पंगती दोन का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्याला पाळकाच्या हातात असतो रे. ताटं आपल्या हातात."